टाकी डोक्यावर, तरी शॉवरला धार का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारत 7 मजली आणि जुनी. प्रश्नकर्त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर. तरी शॉवरला करंगळीएवढी धार. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची बादली मात्र मिनिटभरात भरते. सकाळी 7 ते 9 या वेळात तर नळ उघडला की पाणी येण्याऐवजी सूंऽऽ करून हवा आत ओढली जाते. गॅस गीझर पेटतो आणि विझतो. बाथरूममध्ये वाफ कोंडते, एक्झॉस्ट फॅन लावूनही फरक नाही. तीन प्लंबर येऊन गेले. एक म्हणाला टाकी मोठी बसवा, दुसरा म्हणाला पाइप बारीक करा म्हणजे फोर्स वाढेल, तिसरा म्हणाला पंप लावा. कोणाचं ऐकायचं?

इमारतींच्या पाण्याच्या लाइनी आखणं आणि बिघडलेल्या लाइनींतला दोष शोधणं हे काम मी 27 वर्षं करते आहे. शेवटच्या मजल्याची ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ दर महिन्याला येते. उत्तर लांबणार आहे, पण त्याआधी गीझरबद्दल दोन शब्द, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

वाफ कोंडते असं तुम्ही लिहिलंय आणि गीझर वारंवार विझतो असंही लिहिलंय. म्हणजे गीझर बहुधा बाथरूमच्या आतच आहे. तसं असेल तर तो आजच बंद करा आणि बाहेर, उघड्या डक्टकडे किंवा ड्राय बाल्कनीत हलवून घ्या. 1 किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. 6 लिटरचा गीझर तासाला साधारण किलोभर गॅस जाळतो. म्हणजे 15 मिनिटांच्या अंघोळीत तो तीनसव्वातीन घनमीटर हवा वापरतो, आणि आपल्याकडच्या 4 बाय 7 फुटी बाथरूममध्ये एकूण हवाच 6 घनमीटरच्या आसपास असते. दार लावलेलं, खिडकी बंद, अशा वेळी ज्योतीला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला चक्कर येते आणि कडी काढायचीही शक्ती राहत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. त्यातली एकही टळण्यासारखी नव्हती असं मला कधी वाटलं नाही.

एक्झॉस्ट आहे ना, असं तुम्ही म्हणाल. एक्झॉस्टचा फॅन जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर टाकू शकतो. दाराखाली फट नसेल, खिडकी घट्ट असेल, तर फॅन नुसता जागच्या जागी हवा घुसळत बसतो. छोट्या फॅनला निर्माण करता येणारा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर जेमतेम काही मिलिमीटर भरतो. एवढ्याशा दाबावर तो बारीक फटीतून हवा खेचू शकत नाही. वाफ जात नाही याचं कारण हेच. दाराखाली बोटभर फट ठेवा किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या, वाफ दोनचार मिनिटांत जाईल. फॅन आणि फट समोरासमोरच्या टोकांना असावेत, म्हणजे येणारी हवा सगळ्या खोलीतून फिरून जाते. फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर हवा तिथूनच आत येते आणि तिथूनच बाहेर जाते, शॉवरखालची वाफ जागेवरच राहते. पण हे सगळं वाफेसाठी झालं. गॅसच्या गीझरला हा उपाय समजू नका. उलट, हवा यायला वाट नसताना फॅन खोलीत जी थोडी ओढ निर्माण करतो तिनं जळलेला धूर खोलीतच रेंगाळतो. गीझर बाहेरच हवा.

तो विझतो का, याचं कारण पाण्यात आहे. अशा गीझरमध्ये पाणी वाहू लागलं की रबरी पडद्याच्या दोन बाजूंना दाबाचा फरक पडतो, पडदा उचलला जातो आणि पिन गॅसचा व्हॉल्व्ह उघडते. प्रवाह कमी पडला की पडदा बसतो आणि ज्योत जाते. ही तुमच्या सुरक्षेसाठीची रचना आहे. काही जण ती पिन घासून किंवा स्प्रिंग बदलून कमी पाण्यावर गीझर चालवून देतात. तसं कुणालाही करू देऊ नका.

आता पाणी. प्लंबर लोक दाब किलोत मोजतात. एक किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, आणि तेवढा दाब 10 मीटर उंचीच्या पाण्याचा असतो. हे एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. पाण्याचा दाब टाकी किती मोठी आहे यावर ठरत नाही, पाण्याची पातळी नळापेक्षा किती वर आहे यावर ठरतो. 500 लिटरची टाकी आणि 5000 लिटरची टाकी, दोन्हींतली पातळी सारखी असेल तर नळाला दोन्ही सारख्याच. त्यामुळे पहिल्या प्लंबरचा सल्ला बाजूला ठेवा. वर त्यात स्लॅबला धोका आहे: 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन.

तुमच्याकडे उंची किती आहे ते बघू. टाकीचा तळ गच्चीपासून मीटरभर वर, विटांच्या ओट्यावर. टाकी अर्धी भरलेली, म्हणजे आणखी अर्धा मीटर. गच्ची तुमच्या फरशीपासून 3 मीटरवर आणि शॉवर फरशीपासून 2.1 मीटरवर. हिशेब केला की शॉवरच्या वर पाणी उरतं 2.4 मीटर. म्हणजे पाव किलोसुद्धा दाब नाही. पहिल्या मजल्यावर यात 18 मीटर वाढतात, तिथे 20.4 मीटर, दोन किलोच्या वर. टाकी डोक्यावर असणं हीच तुमची अडचण आहे. ती जितकी जवळ तितका दाब कमी.

पण इथे थांबून 'वरच्या मजल्याला असंच असतं' असं कुणी म्हणालं तर मानू नका. दाब साडेआठ पट असला तरी पाणी साडेआठ पट येत नाही. पाइपातलं पाणी जोरात वाहताना भोवरे करत, घुसळत जातं, आणि अशा प्रवाहात दुप्पट पाणी न्यायचं तर घर्षणाला चौपट दाब द्यावा लागतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं 1883 मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवलं होतं: प्रवाह संथ असताना रंग दोऱ्यासारखा सरळ जातो, वेग एका मर्यादेपुढे गेला की एकदम विस्कटतो. घरीही दिसतं. जाळी नसलेला नळ अगदी हळू उघडा, धार काचेच्या कांडीसारखी असते. थोडा आणखी उघडला की ती धूसर, खडबडीत होते. अर्ध्या इंची पाइपात मिनिटाला साधारण लिटरभराच्या पुढे गेलं की आतलं पाणी घुसळायला लागतं. म्हणजे आपण वापरतो ते बहुतेक सगळं पाणी घुसळतच येतं.

यातून घरच्या घरी करता येणारी एक चाचणी निघते. दोन फुटांवरच्या बादलीच्या नळाला तुमच्याकडे 3.9 मीटर उंची मिळते, पहिल्या मजल्यावर 21.9. गुणोत्तर साडेपाच पटींच्या थोडं वर, त्याचं वर्गमूळ सुमारे 2.4. म्हणजे दोन्ही घरांतली पाइपलाइन सारखी असेल, तर त्यांची बादली 1 मिनिटात भरते तेव्हा तुमची 2 मिनिटं 20 सेकंदांच्या आसपास भरायला हवी. दुपारी 3 वाजता, कुणी पाणी वापरत नसताना, तीच बादली घेऊन दोन्हीकडे मोबाइलवर वेळ मोजा. तुमच्याकडे 5 मिनिटं लागली तर तो उंचीचा दोष नाही, कुठेतरी लाइन तुंबलेली किंवा बारीक आहे.

दुसऱ्या प्लंबरकडे वळते, कारण 'पाइप बारीक करा, फोर्स वाढेल' हा गैरसमज सगळ्यात पक्का आहे आणि सगळ्यात महागात पडतो. तो कुठून आला हे मला कळतं. बागेच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब उडते, हे लहानपणापासून सगळ्यांनी केलेलं असतं. मग वाटतं, भोक लहान केलं म्हणून वेग वाढला.

प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी, एकाच उंचीवर दोन भोकं पाडा. एक दाभणाचं, एक पेन्सिल जाईल एवढं. बाटली भरून ओट्याच्या कडेला ठेवा. दोन्ही धारा जवळजवळ एकाच जागी पडतात. भोक लहान केल्यानं वेग वाढत असता तर दाभणाची धार कितीतरी पुढे गेली असती. इव्हँजेलिस्टा टॉरिचेल्लीनं 1644 मध्ये हाच नियम मांडला: भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो, भोकाच्या आकारावर नाही. दीड मीटर उंचीखाली तो सेकंदाला सुमारे 5.4 मीटर येतो, मग भोक केवढंही असो.

मग अंगठ्यानं काय होतं? बागेचा पाइप 15–20 मीटर लांब असतो. तोंड मोकळं असताना भरपूर पाणी वाहतं आणि सगळा दाब पाइपाच्या भिंतींशी घासण्यातच संपतो, तोंडाशी काहीच उरत नाही. अंगठ्यानं तुम्ही प्रवाह कमी करता. प्रवाह कमी झाला की घर्षण कमी होतं आणि वाटेत खर्च होणारा दाब शिल्लक राहून अंगठ्यामागे येऊन उभा राहतो. धार त्या वाचलेल्या दाबामुळे उडते. वाचवलेला दाब, नवा नाही. बंद नळामागे असतो त्याहून जास्त दाब अंगठ्यानं कधीच मिळत नाही.

म्हणून बारकं करायचंच तर ते अगदी तोंडाशी, शॉवरच्या भोकांशी. तिथपर्यंत येणारा रस्ता जितका रुंद ठेवता येईल तितका ठेवायचा. भिंतीतला पाइप बारीक केला तर बाग उलटी झाली: दाब वाटेतच संपणार आणि शॉवरशी टपटप उरणार.

एक हिशेब देते. बाजारातल्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाचं आतलं भोक साधारण 12 मिलिमीटर असतं. त्यातून मिनिटाला 10 लिटर न्यायचे तर दर मीटरला सुमारे 20 सेंटीमीटर उंची खर्च होते. तुमच्या घरात वरच्या लाइनीपासून शॉवरपर्यंत 6 मीटर पाइप धरला तर सव्वा मीटर तिथेच गेला. प्रत्येक एल्बो, म्हणजे काटकोनी सांधा, आठनऊ सेंटीमीटर खातो. बाथरूममध्ये भिंतीत 8 एल्बो सहज असतात, म्हणजे आणखी 70 सेंटीमीटर. वाटेत जुन्या पद्धतीचा कन्सील्ड स्टॉप कॉक असेल, ज्यात पाणी खाली वळून परत वर चढतं, तर एकट्या त्यात मीटरभर जाऊ शकतं. त्यापुढे डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक. तुमच्या हातात होते 2.4 मीटर, आणि डायव्हर्टरला पोहोचायच्या आत 3 मीटरचा खर्च झाला. पाणी काही उधार घेऊ शकत नाही, म्हणून ते प्रवाहच कमी करतं, खर्च आणि जमा जुळेपर्यंत. तेच तुमची करंगळीएवढी धार.

आता तीच लाइन पाऊण इंची घ्या, आतून साधारण 18 मिलिमीटर. 6 मीटरला 20 सेंटीमीटर, आठही एल्बो मिळून 15. सव्वासहा फुटांचं भाडं सव्वा फुटावर आलं म्हणा ना! भोक दीडपट केलं की खर्च सहा-सात पटींनी उतरतो. कारण ठरावीक पाणी नेताना घर्षणाचा खर्च व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट बदलतो. व्यास निम्मा झाला तर खर्च 32 पट. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात 1840 मध्ये झऱ्याचं पाणी आणणारा अभियंता हेन्री दार्सी यानं पुढे वेगवेगळ्या पाइपांवर प्रयोग करून 1857 मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि आज आम्ही जे सूत्र वापरतो त्यात त्याचं नाव आहे. जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप असतात. ते कापून पाहिले की आत गंजाचे फुगवटे आणि क्षारांचा थर असतो, मध्ये पेन्सिल जाईल एवढी वाट. बाहेरून पाइप अर्ध्या इंचीच दिसतो. आतला व्यास 16 वरून 8 मिलिमीटर झाला तर त्याच उंचीवर पाणी साधारण सहाव्या भागाइतकंच येतं. खालच्या मजल्यांवर दोन किलो असल्यानं ते भागवून नेतात, तुम्हाला लगेच जाणवतं.

पण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ही: नळ हवा आत ओढतो. ही तुमच्या घरातली गोष्ट नाही. टाकीपासून सगळ्या मजल्यांना जाणारी जी सामाईक उभी लाइन असते, डाउनटेक, तिच्यातली आहे.

सकाळी 7 वाजता खालचे 6 मजले एकदम पाणी वापरतात. मिळून मिनिटाला 70 लिटर धरा. टाकीपासून डाउनटेकपर्यंत गच्चीवर 10 मीटर आडवा पाइप असेल आणि तो एक इंची असेल, तर एवढं पाणी नेताना त्या 10 मीटरांतच जवळपास अडीच मीटर उंची संपते. म्हणजे डाउनटेक तुमच्या मजल्यावर पोहोचतो तेव्हा शॉवरच्या उंचीला त्यात दाब शिल्लकच नसतो. खालच्या लोकांना तरी पाणी का मिळतं? कारण तिथून पुढे पाइप खाली उतरतो, आणि दर मजल्याला 3 मीटर उंची त्यांना नव्यानं मिळते. खाली धावणारा तो पाण्याचा स्तंभ वरचं पाणी ओढत राहतो. त्या ओढीत वरच्या लाइनीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. अशा वेळी तुम्ही नळ उघडलात की पाणी बाहेर पडायच्या ऐवजी हवा आत शिरते. ती पाण्याबरोबर खाली जाते आणि दुसऱ्या मजल्यावरचा नळ थुंकायला लागतो. तिथलेही लोक तक्रार करत असतील, विचारून बघा.

यात एक धोका आहे. तुमचा हँड शॉवर किंवा नळाला लावलेला पाइप साबणाच्या बादलीत बुडालेला असेल आणि नळ उघडा असेल, तर त्या क्षणी ते घाण पाणी लाइनीत ओढलं जाऊन खालच्या घरांच्या नळांतून येऊ शकतं. म्हणून नळाचं तोंड आणि बादलीचा काठ यांत कायम वीतभर अंतर ठेवा. हेल्थ फॉसेट वापरून झाला की त्याचा कोनातला कॉक बंद करा.

दोष घरात की सामाईक लाइनीत, हे ठरवायला मी एक नळी वापरते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, 6–7 मीटर. बाथरूमच्या नोझल कॉकला, म्हणजे तोंडाला नळी बसते अशा नळाला, क्लिपनं घट्ट बसवायची, दुसरं तोंड खिडकीतून गच्चीवर टाकीपर्यंत नेऊन काठीला उभं बांधायचं आणि नळ पूर्ण उघडायचा. नळीतून पाणी वर चढतं आणि बरोबर टाकीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबतं. हा झाला थांबलेल्या पाण्याचा दाब. तो नेहमी बरोबरच येतो, लाइन कितीही तुंबलेली असो, कारण पाणी वाहत नसेल तर घर्षण नाही. बंद नळावर गेज लावून 'प्रेशर तर ठीक आहे' म्हणणाऱ्या प्लंबरची फसगत इथेच होते. मग घरातला दुसरा नळ उघडायचा आणि नळीतली पातळी किती उतरते ते बघायचं. जेवढी उतरली तेवढी उंची वाटेत खर्च झाली. गेज नाही, सूत्र नाही, पट्टीनं मोजता येतं. आणि हे फक्त वरच्या मजल्यावरच शक्य आहे, खाली एवढी लांब नळी कुठून आणणार?

ठाण्यातल्या एका 5 मजली इमारतीत आम्ही ही नळी सकाळी पावणेसातला लावून बसलो होतो. घरातले सगळे नळ बंद. पातळी टाकीच्या पाण्याशी जुळलेली. 7 वाजून गेले तशी ती हलायला लागली. आधी चार बोटं, मग वीतभर खाली-वर. खालची कुणाची तरी मोटार, कुणाचा फ्लश, प्रत्येकाचा धक्का नळीत दिसत होता. सव्वासातला पातळी गच्चीच्या कठड्याखाली गेली, मग खिडकीच्या चौकटीखाली, आणि शेवटी गुळगुळ आवाज करत नळी सगळीच रिकामी झाली. घरच्या आजी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोष आमच्यात नाहीच की!" आठ वर्षं त्यांना लोक नवीन शॉवर घ्यायला सांगत होते.

गच्चीवर टाकीच्या आउटलेटला दीड इंची गेट व्हॉल्व्ह होता. चाक छान फिरत होतं, पूर्ण उघडं वाटत होतं. उघडून पाहिलं तर आतला दांडा झिजून पाचर सुटलेली, अर्ध्यावर अडकलेली. चाक नुसतंच फिरत होतं. तिथे फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह टाकला, ज्यात दांडी पाइपाच्या रेषेत आली की आत सरळ मोकळी वाट असते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नळीतली पातळी फक्त वीतभर उतरली.

तुमच्याकडेही नळ बंद असताना सकाळी पातळी पडत असेल तर दोष सामाईक लाइनीत, खर्च सोसायटीचा. तुमचाच नळ उघडल्यावर पडत असेल तर दोष घरात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद घालण्यापेक्षा कमिटीच्या दोघांना त्या नळीसमोर उभं करा.

सामाईक लाइनीत दोष निघाला तर बघायच्या गोष्टी क्रमानं सांगते. गच्चीवरचे व्हॉल्व्ह. टाकीच्या आउटलेटची जाळी, ती शेवाळानं आणि प्लास्टिकच्या कपच्यांनी भरते. आडव्या पाइपाची जाडी: वर धरलेला एक इंची पाइप दीड इंची केला तर अडीच मीटरचा खर्च 30 सेंटीमीटरवर येतो. यानंतर खरा पक्का उपाय, वरच्या दोन मजल्यांना टाकीपासून स्वतंत्र डाउनटेक. मग खाली कुणी कितीही पाणी वापरो, तुमची उंची तुमचीच राहते. नवीन इमारती आखताना मी हे सोडून दुसरं काही करत नाही. आणि खालच्या मजल्यांच्या इनलेट कॉकला थोडं आवळून घेतलं तर तेही उपयोगी पडतं. दोन किलोवर त्यांना काही कमी पडणार नाही, पाणीही वाचेल.

एक गोष्ट हमखास विसरतात, हवेची. टाकी रिकामी होऊन परत भरली की लाइनीत हवा अडकते. पाइप जिथे जिथे बीमला वळसा घालून वर चढून खाली उतरतो, त्या कमानीत ती बसते. कमानीपलीकडच्या उतरत्या भागात पाण्याऐवजी हवा असेल तर तेवढ्या उंचीच्या पाण्याचं वजन तुम्हाला मिळत नाही. मीटरभराच्या अशा दोन कमानी असतील तर 2 मीटर गेले, आणि तुमच्याकडे आहेत 2.4. खालच्या मजल्यांना याचा पत्ताही लागत नाही. म्हणून डाउनटेकच्या सुरुवातीला एक उभा व्हेंट पाइप हवा, टाकीच्या वरच्या कडेच्याही वर जाणारा, तोंड खाली वळवलेला आणि जाळी लावलेला. तुमच्या गच्चीवर तो नसेल किंवा कुणीतरी 'पाणी सांडतं' म्हणून बूच मारलं असेल. हा व्हेंट हवा बाहेर सोडतो, आणि लाइनीत ओढ निर्माण झाली तर बाहेरची हवा आत घेतो, त्यामुळे घाण पाणी ओढलं जायचा धोकाही कमी होतो. 18व्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात भुयारी नळानं पाणी आणलं, त्या मार्गावर ठिकठिकाणी असेच बांधीव झरोके होते. त्यांना उच्छ्वास म्हणत. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना आम्ही एअर व्हेंट म्हणतो.

दोष घरात निघाला तर आधी फुकटातली कामं. शॉवरची चकती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून धुवा, अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का बघा. मोठ्या ताटाएवढा रेन शॉवर बसवला असेल तर तो काढा. त्याला भरपूर पाणी लागतं, पाव किलोवर त्यातून नुसते थेंब पडतात. लहान चकतीचा साधा शॉवर घ्या. तो अर्धा फूट खाली आणला तर 15 सेंटीमीटर उंची फुकट मिळते, आणि 2.4 मीटरांत ती जाणवते. परदेशी बनावटीचे सिंगल लिव्हर डायव्हर्टर एक ते तीन किलोच्या हिशेबानं बनवलेले असतात. तुमच्याकडे हाय फ्लो म्हणून मिळतो तो लागेल. बाथरूम फोडायची वेळ आलीच तर मुख्य लाइन एक इंची, शॉवरपर्यंत पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतराला.

राहिला पंप. प्रेशर पंप वाईट नाही, पण तो सगळ्यात शेवटी. लाइन तुंबलेली असताना पंप लावला तर तो पाणी निर्माण करत नाही, मागच्या लाइनीत ओढ निर्माण करतो. सामाईक डाउनटेकवर एका फ्लॅटचा पंप बसला की शेजारच्या फ्लॅटचं पाणी जातं. मग तेही पंप बसवतात. पंप बसवायचाच तर तो टाकीच्या आउटलेटशी, वरच्या मजल्यांच्या स्वतंत्र लाइनीवर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आणि पंपाला वळसा घालणारा बायपास यांसह, म्हणजे वीज गेली तरी साधं पाणी येत राहील. पालिकेच्या लाइनीला थेट पंप तर मुळीच नको. तो नियमबाह्य आहेच, शिवाय जमिनीतल्या गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढतो. आणि पंप आल्यावर नळ झटक्यात बंद करायची सवय सोडावी लागेल. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी क्षणात अडवलं तर 12–13 किलोचा धक्का बसतो, भिंतीत ठक्क आवाज येतो तो हाच. सीपीव्हीसीत तो बराच कमी असतो, तरी जुन्या सांध्यांना पुरेसा.

टाकीचा ओटा उंच करायचा विचार असेल तर दर मीटरला दशांश किलो मिळतो. तुमच्याकडे 2.4 चे 3.4 मीटर होतील. फरक पडेल, पण टनभर वजन आणखी मीटरभर वर न्यायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला कॉलम कुठे आहेत ते दाखवून घ्या, ओटा कॉलमवरच यायला हवा.

नळीची चाचणी रविवारी करू नका, रविवारी पाणी दिवसभर विखरून वापरलं जातं. सोमवारी किंवा मंगळवारी, पावणेसातपासून नऊपर्यंत, दर 10 मिनिटांनी पातळी टाकीच्या पाण्यापासून किती सेंटीमीटर खाली आहे ते लिहून ठेवा. मग गच्चीवरचा आडवा पाइप किती इंची आणि किती लांब आहे तेही मोजा. हे सगळे आकडे कळवलेत तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे की पाइपाच्या जाडीत, ते मी इथूनच सांगू शकेन.